सगळ्यांत आधी पोहोचणारा पोलीस

श्रोतेहो, नमस्कार.

दहशतवादविरोधी प्रशिक्षण म्हटलं की दोरावरून सरसर उतरणारे कमांडो डोळ्यांपुढे येतात. मला बोलायचंय ते त्यांच्याआधी पोहोचणाऱ्या गस्तीवरच्या साध्या पोलिसाबद्दल.

कमांडोंचं मोल म्युनिकनं शिकवलं. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं. सुटकेसाठी हवाई तळावर पाच नेमबाज लपवले होते. हल्लेखोर निघाले आठ. नेमबाजांना आपसात बोलायला वायरलेससुद्धा नव्हता! नऊही ओलीस तिथेच गेले. पश्चिम जर्मनीनं त्याच महिन्यात ‘जीएसजी ९’ हे कमांडो पथक उभारायचं ठरवलं, आणि १९७७मध्ये सोमालियात मोगादिशूला याच पथकानं अपहरण झालेल्या विमानातून ८६ जण जिवंत सोडवले.

पण पथक येईपर्यंत काय करायचं?

१९९९मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला. तो दहशतवादी हल्ला नव्हता, पण धडा तोच. शिकवल्याप्रमाणे पोलिसांनी वेढा घातला आणि विशेष पथकाची वाट पाहिली. आत एक जखमी शिक्षक मदतीविना, रक्त वाहून गेले. त्यानंतर तिथलं शिक्षणच उलटलं: जो आधी पोहोचेल त्यानं आवाजाच्या दिशेनं आत शिरायचं. वाटेत जखमी पाय धरतील, तरी थांबायचं नाही, कारण पुढे गोळ्या चालूच आहेत. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणात याहून अवघड धडा नाही.

२०१५मध्ये पॅरिसच्या बाताक्लाँ सभागृहात दोन पोलीस नुसत्या पिस्तुलांनिशी शिरले. समोर कलाश्निकोव्ह रायफली होत्या. त्यांनी मंचावरच्या हल्लेखोराला टिपलं आणि खालचं हत्याकांड थांबलं.

अशी हिंमत वर्षाकाठी एक व्याख्यान ऐकून अंगात येत नाही. हात वळावा लागतो. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, हेच बघा. सरावात दिवे घालवतात, कर्णे लावतात आणि एकाच हातानं तो स्वतःच्या दंडावर बांधायला सांगतात. पट्ट्यावरची दांडी पिळली की मरणाची कळ येते. दुसऱ्याला बांधताना तो माणूस ओरडतो, आणि नवखा हात तिथेच ढिला पडतो. रक्त पुरतं थांबेपर्यंत पिळायचं. मग पट्ट्यावर वेळ लिहायची. पुढे डॉक्टर ती शोधतात.