घरची बोली आणि मुलांची तब्येत

नमस्कार, श्रोतेहो.

शाळेत जाणाऱ्या मुलाची तब्येत कशी बघतात? वजन, उंची, दात, डोळे. युरोपात मुलांसाठी ‘किडस्क्रीन’ नावाची एक प्रश्नावली आहे, तिच्यात ताप-खोकल्याचं फारसं काही नसतं. गेल्या आठवड्यात उत्साह वाटला का, एकटं वाटलं का, आईबाबांना तुझ्यासाठी वेळ असतो का, शाळेत कुणी छळतं का, असले प्रश्न असतात. स्वीडनमधल्या सामी मुलांपुढेही संशोधकांनी हीच प्रश्नावली ठेवली होती. आज मी बोलणार आहे ते त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. कारण सामी मुलांना छळणारी पोरं नंतरची. त्याआधी हे काम खुद्द शाळेनंच केलं होतं.

सामी हे उत्तर युरोपातले आदिवासी. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प, या सगळ्या मुलखाला ते ‘साप्मी’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत त्यांना ‘लॅप’ म्हटलेलं सापडतं. तो शब्द त्यांना शिवीसारखा लागतो, तेव्हा आपणही तो सोडून देऊ. रेनडियर पाळणारे म्हणून त्यांची ख्याती. प्रत्यक्षात बहुतेक सामी इतर उद्योगांतच आहेत.

नॉर्वेत 1880 मध्ये फर्मान निघालं की शाळा नॉर्वेजियन भाषेतच चालेल, आणि अगदी अडलं तरच सामीचा आधार घ्यायचा. 1905 पासून सरहद्दीकडच्या फिनमार्क भागात सरकारी वसतिशाळा उभ्या राहू लागल्या, त्यातली पहिली नेइडन गावात. सात-आठ वर्षांचं पोर घरापासून लांब, रात्री निजायला अनोळखी खोली, आणि ज्या भाषेत रडायचं तीच बंद! सामींचं ‘योइक’ नावाचं एक गाणं असतं. ते म्हणतात, माणसा‘विषयी’ योइक गात नाहीत, माणूसच गातात. एखाद्या मुलाला जन्मतःच स्वतःचा योइक मिळतो. शाळेत तोही पाप ठरला.

स्वीडनची तऱ्हा याहून चमत्कारिक. 1913 च्या कायद्यानं डोंगरात रेनडियर राखणाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या ‘भटक्या शाळा’ काढल्या. तिथे वर्ग भरायचे तंबूवजा खोपटात. पैसे नव्हते म्हणून नव्हे. मुलांना पक्क्या घराची सवय लागली तर ती रेनडियर राखणार नाहीत, असं साहेबांचं म्हणणं! उरलेल्या सामी मुलांना मात्र सरळ स्वीडिश शाळेत घालून त्यांची भाषा विसरायला लावली. एकाला सांगायचं तू सामीच राहा, दुसऱ्याला सांगायचं तू सामी नाहीसच. दोन्ही गोष्टी ठरवणार तिसराच. 1922 मध्ये उप्सालात वंशशास्त्राची सरकारी संस्था निघाली. तिचे लोक शाळांमधून येऊन मुलांच्या कवट्या मोजायचे, उघड्या अंगानं फोटो काढायचे. हीच तेव्हाची ‘आरोग्य तपासणी’ समजा.

नॉर्वेच्या सत्यशोधन आयोगानं आपल्या देशात घडलेलं हे सगळं 2023 मध्ये अहवालात मांडलं, 2024 च्या नोव्हेंबरात तिथल्या संसदेनं माफी मागितली. ठीक आहे.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते घरात काय घडलं ते. वसतिशाळेतून बाहेर पडलेली कित्येक मुलं पुढे आईबाप झाली आणि त्यांनी ठरवलं, आपल्या लेकरांना हे भोगायला लागू नये. म्हणून ती लेकरांशी नॉर्वेजियन नाहीतर फिनिश बोलू लागली. मायेपोटीच भाषा तोडली. मग आजी चुलीपाशी एका भाषेत, नातू दुसऱ्या भाषेत. उत्तर सामी भाषेत मातृभाषेला ‘एआत्नीगिएल्ला’ म्हणतात. ‘एआदनी’ म्हणजे आई, ‘गिएल्ला’ म्हणजे बोली. थेट आपली मायबोली.

याचा तब्येतीशी संबंध काय? नॉर्वेत ‘सामिनोर’ नावाची मोठी आरोग्य पाहणी झाली. तिच्यात मोठ्या माणसांबद्दल आढळलं, की ज्यांना भेदभाव सोसावा लागला ते स्वतःची तब्येत अधिक वाईट असल्याचं सांगतात. कुमारवयीन मुलांचं चित्र मात्र सरसकट काळं नाही. उत्तर नॉर्वेतल्या अभ्यासांत सामी मुलांचं मन एकंदरीत बरोबरीच्या नॉर्वेजियन मुलांसारखंच दिसलं. म्हणजे सामी असणं हा काही आजार नव्हे. नॉर्वेतल्या काराश्योक गावात आता सामींसाठी मानसिक आरोग्याचं केंद्र आहे. तिथे आपल्या भाषेत दुखणं सांगता येतं.

आता फिनलंडच्या इनारीची गोष्ट. तिथल्या ‘इनारी सामी’ या वेगळ्या सामी भाषेचे बोलणारे काहीशेच, आणि त्यांतली मुलं तर तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. 1997 मध्ये तिथे ‘भाषेचं घरटं’ सुरू झालं. युक्ती न्यूझीलंडच्या माओरींची. शाळेआधीच्या वयाची पोरं दिवसभर राहणार, आणि तिथल्या बाया त्यांच्याशी फक्त इनारी सामी बोलणार. पोरं बोलू लागली, पण पुढे शाळेत शिकवणार कोण? मधली पिढी तर गप्प. म्हणून 2009 मध्ये सतरा मोठ्या माणसांना वर्षभर भाषा शिकायला बसवलं. त्या अभ्यासक्रमाचा एक भाग असा, की म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, त्यांच्याबरोबर स्वयंपाक करायचा, मासे धरायचे, आणि हात चालू असताना बोलायचं. आधी वाकडंतिकडं, मग नीट. यांतले काही पुढे इनारीच्या वर्गांत शिकवायला उभे राहिले, आणि समोर बाकांवर घरट्यातली पोरं होती.

नमस्कार.