जुना ग्राहक, वर्षाचा पॅक

[दृश्य: राजारामपुरी. खांबावर गुंडाळलेल्या काळ्या केबल]

कोल्हापुरात राजारामपुरीच्या कुठल्याही गल्लीत मान वर करून बघा. एकाच खांबावरनं चार कंपन्यांच्या फायबर केबल गेलेल्या दिसतील. नव्यानं राहायला आलेल्याला इथं नेटवाला शोधावा लागत नाही, तोच दारात येतो. फिटिंग फुकट, राऊटर फुकट, वर्षाचे पैसे एकदम भरले तर वर दोन महिने मोफत. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ऑफर फक्त नवीन ग्राहकांसाठी.

मग वर्षानुवर्षं वेळेवर पैसे भरणाऱ्याला काय? त्याला मेसेज येतो, पॅक संपतोय, रिन्यू करा. महिन्याचा दर चढा असतो, म्हणून माणूस निमूटपणे सहा महिन्यांच्या, नाहीतर वर्षाच्या पॅककडं वळतो.

यावर लोकांनी आपला तोडगा काढलाय. नवऱ्याच्या नावचं कनेक्शन बंद करायचं आणि बायकोच्या नावावर नवीन घ्यायचं. वायर तीच, भिंतीवरचा डबा तोच, बदललं फक्त आधार कार्ड. कधी कधी हा सल्ला वसुलीला आलेला पोरगाच देतो. "वहिनींच्या नावावर करूया की!" आता यात फसवलं कुणी कुणाला, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

[दृश्य: कॅल्क्युलेटर, शेजारी पावती]

समजा, महिन्याचा दर ५०० रुपये. वर्षाचे झाले ६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,०८०. दोन महिने मोफत धरले तर चौदा महिन्यांना करासकट महिना साधारण ५०६ रुपये पडला. स्वस्तच की! पण आठव्या महिन्यात बदली झाली, किंवा भाड्याची खोली सोडावी लागली आणि उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, तर तोच पॅक महिना ८८५ रुपयांना पडतो.

ऑपरेटरची बाजूही खोटी नाही. केबल ओढायची, जोडणी करायची, राऊटर द्यायचा, हा खर्च पहिल्या महिन्यातच होतो. तो वसूल होईपर्यंत नव्या ग्राहकाला बांधून ठेवलं तर समजू शकतं. पण जुन्याच्या घरचा तो खर्च केव्हाच फिटलाय. त्याला परत वर्षभर कशासाठी बांधायचं? आणि बांधायचंच असेल, तर निदान नव्याला देता तो दर त्याला द्या.

[दृश्य: पुराचं पाणी, व्हीनस कॉर्नर]

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर पाण्याखाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. अशा वेळी भिंतीवरच्या डब्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत राहतो. त्याच्याखाली इंग्रजीत 'LOS', म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', लिहिलेलं असतं. फायबरमधून येणारा प्रकाश तुटला, एवढाच त्याचा अर्थ. वीज परत येते, चिखल निघतो, तरी तो दिवा लालच. पॅकचे दिवस मात्र पळत असतात. महिन्याचे पैसे भरणारा पुढचा महिना भरायचा थांबतो. वर्षाचे भरलेल्याच्या हातात तेवढंही उरत नाही.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव दिवस द्यायचे. नैसर्गिक आपत्ती मात्र त्यातून वगळली आहे. म्हणजे आपल्याकडं नेमकी जेव्हा गरज, तेव्हाच सूट नाही.

नव्याला स्वस्त आणि जुन्याला महाग, हा वाद ब्रिटनमध्ये बराच जुना. तिथं पैसे महिन्याच्या महिन्याला जातात, पण करार असतो, दोन वर्षांपर्यंतचा, आणि मधेच सोडला तर दंड. 'सिटिझन्स अॅडव्हाइस' या संस्थेनं २०१८ मध्ये तक्रार केली की ब्रॉडबँड, मोबाईल, विमा अशा पाच क्षेत्रांत जुने ग्राहक वर्षाला ४.१ अब्ज पौंड जास्त मोजतात. २०२० पासून करार संपायच्या आधी ग्राहकाला कळवणं आणि चांगले दर सांगणं टेलिकॉम कंपन्यांना बंधनकारक झालं. १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारात महागाईशी जोडलेली दरवाढ बंद. मुदतीत दर वाढणार असेल, तर किती ते पौंड-पेन्समध्ये आधीच सांगायचं.

आपल्याकडं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करारा'ची व्याख्या आहे. करारभंगाच्या नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा दंड, किंवा अव्वाच्या सव्वा अनामत, हे त्यात बसतं. गोम पुढं आहे. करारच अनुचित आहे म्हणायचं, तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मिळत नाही, राज्य आयोगाकडं जावं लागतं. चार-पाच हजारांसाठी कोण जाणार? म्हणून सेवेतली त्रुटी, एवढ्यावर जिल्हा आयोगात जाणं सोपं. टेलिकॉमच्या तक्रारी तिथं चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही.

त्याआधी कंपनीकडं तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. आणि पुढच्या वेळी वर्षाचे पैसे भरताना एकच विचारा : मधे बंद केलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळणार का? मिळणार असतील, तर तेवढं पावतीवर लिहून घ्या. काउंटरवरचा माणूस पेन उचलतो का, ते बघा.