रायगडावरचा निर्णय : येसूबाई आणि १६८९

मंडळी, अनिश्चित काळात नेतृत्व करणाऱ्याने डोकं शांत कसं ठेवावं, यावर मी बोलावं असं ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवल्या त्या येसूबाई. आपल्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते बहुतेक वेळा संभाजी महाराजांच्या पत्नी आणि शाहूंच्या आई म्हणून. राज्यकर्ती म्हणून त्यांच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१६८९ सालचा मार्च महिना डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला महाराज संगमेश्वरी पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवलं होतं. दक्षिणेत त्याच्या वाटेत उरलं होतं ते हेच राज्य. मार्च संपायच्या आत इतिकादखानाची फौज रायगडाच्या पायथ्याशी आली. हाच पुढे झुल्फिकारखान झाला. गडावर कोण होतं? नुकत्याच विधवा झालेल्या येसूबाई, त्यांचा सातेक वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम. गड पडला असता तर सगळं राजघराणं एका दिवसात मोगलांच्या हाती गेलं असतं. माहेरच्या शिर्क्यांचाही भरवसा उरलेला नव्हता.

छत्रपती कोण, हा प्रश्न तर त्याआधीच, महाराज पकडले गेले तेव्हाच आला होता. आईच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. शिवाय राजारामांबद्दल जुनी अढी बाळगायला कारण होतं. १६८० मध्ये संभाजी महाराजांना डावलून दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्याचा घाट गडावरच घातला गेला होता, आणि त्यानंतर राजाराम तिथेच नजरेखाली होते. तरीही महाराज कैदेत असतानाच, फेब्रुवारीत, राजारामांचं मंचकारोहण झालं, म्हणजे ते गादीवर बसले. येसूबाईंनी मुलाचा हक्क पुढे केला नाही. फौज जमवू शकेल, घोड्यावर बसून मुलूख ओलांडू शकेल असा माणूस त्या घडीला घरात एकच होता.

दुसरा निर्णय याहून कठीण. सगळ्यांनी एकत्र राहायचं नाही, असं ठरलं. एप्रिलच्या सुरुवातीला राजाराम वेढ्यातून निसटून प्रतापगडाकडे गेले. येसूबाई आणि शाहू गडावर राहिले. बखरीत या प्रसंगी त्यांच्या तोंडी मोठं भाषण आहे. बखर शंभरहून अधिक वर्षांनंतरची, तेव्हा शब्द त्यांचेच असतील असं धरून चालू नये. पण त्यांनी काय केलं ते आपल्यासमोर आहे: पुढचे सात महिने गड लढला, आणि तेवढा काळ खानाची फौज तिथे अडकून पडली. नोव्हेंबरात गड गेला, आई आणि मुलगा कैद झाले. त्याच सुमारास राजाराम दूर दक्षिणेत, तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावर पोहोचले. वाटेत कर्नाटकातल्या केळदीच्या राणी चन्नम्मांनी त्यांना आसरा दिला आणि त्यासाठी औरंगजेबाची फौज अंगावर घेतली. या बाईंवर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

येसूबाईंना भीती वाटली नसेल, असं मी म्हणणार नाही. काय वाचवायचं याचा क्रम मात्र त्यांच्या मनात पक्का होता. आधी राज्य, मग गादीवरचा माणूस, मग गड, आणि सगळ्यात शेवटी आपण. एकदा हा क्रम लागला की कितीतरी निर्णय सोपे नाही तरी स्पष्ट होतात. घाबरलेल्या माणसाला सगळंच वाचवायचं असतं, म्हणून त्याचा पाय हलत नाही.

आणि हे त्या एका महिन्यात आलेलं नाही. संभाजी महाराज मोहिमांवर असत तेव्हा गडावरचा कारभार येसूबाई पाहत. त्यांचा स्वतःचा शिक्का होता, ‘श्री सखी राज्ञी जयति’. कागद वाचायचा, तक्रार ऐकायची, हुकूम द्यायचा आणि त्याची जबाबदारी घ्यायची. ही सवय हाडात मुरलेली होती. तुमच्यापैकी कुणी पतसंस्था चालवतं, कुणी शाळा, कुणी कारखाना. माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्यानंतरच्या माणसाला आजच सहीचा अधिकार द्या, वाईट दिवस येईपर्यंत थांबू नका.

पुढे राजारामांनीही तेच केलं. जिंजीला जाताना महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला, त्यांना ‘हुकुमतपन्हा’ हा किताब दिला. छत्रपती जिंजीत, कारभारी इकडे किल्ल्यांवर, संताजी आणि धनाजी सतत फिरतीवर. जिंजी १६९८ मध्ये पडली, १७०० मध्ये राजाराम वारले, तरी त्यांच्या पत्नी ताराबाईंनी लढा चालू ठेवला. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला.

याची किंमतही सांगितली पाहिजे. माणसं टिकवण्यासाठी वतनं द्यावी लागली, आणि त्याचा त्रास राज्याला पुढे फार काळ झाला. येसूबाई जवळजवळ तीस वर्षं कैदेत होत्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीच्या स्वारीनंतर त्या परत आल्या. शाहू त्याआधी, १७०७ मध्येच, सुटून आले होते. गादी कुणाची, यावरून त्यांचा आणि ताराबाईंचा वाद पेटला, सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. येसूबाईंनी मुलाचा हक्क बाजूला ठेवला त्याच दिवशी या वादाचं बी पडलं, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. पण १६८९ मध्ये त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं. वारसाचा प्रश्न १७३१ च्या वारणेच्या तहात सुटला.