इर्जिकीचं जेवण

इथे बसलेल्या साठीपुढच्या मंडळींनी ‘इर्जिक’ हा शब्द ऐकला असेल. ऐन पेरणीच्या तोंडावर एखाद्याचा बैल मेला, घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, की तो गावात निरोप धाडायचा : परवा आमच्याकडे इर्जिक आहे. त्या दिवशी उजाडायच्या आत दहा-बारा औतं त्याच्या बांधावर हजर. मजुरी कोणी घ्यायची नाही, फक्त जेवण त्याच्या घरी.

मी दहा वर्षांची असताना वडिलांना टायफॉइड झाला आणि आमच्या रानात इर्जिक घातली. आई रात्री तीनलाच उठली. पुरण शिजत होतं, कटाची आमटी उकळत होती, शेजारच्या दोघीजणी आपापली पोळपाट-लाटणी घेऊन आल्या होत्या. बैलांसाठी पाटीभर सरकी भिजत घातलेली. बांधावरून ज्यांच्याशी आमचं वितुष्ट होतं, ते चुलतेही औत घेऊन आले. दुपारी पंगतीत बसले. आईनं त्यांच्या पोळीवर दोनदा तूप वाढलं. बांधाचं भांडण काही मिटलं नाही, पण वडिलांची तब्येत विचारायला ते दुसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन बसले.

मला त्या दिवसाचं मोल फार उशिरा कळलं. आम्ही अडलेले होतो, पण त्या दिवशी आमचं घर यजमान होतं. वाढणारा हात आईचा होता. म्हणून पुढे कोणाकडे मदत मागताना आमच्या घरात कधी कोणाची मान खाली गेली नाही.

आता दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. गावाच्या पंगती सगळ्यांच्या नव्हत्या. ज्यांच्या घामावर गाव चालायचा, त्यांचं पान लांब मांडलं जायचं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित तरुणाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढायला मदत केली. लोक तिथे फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः दुकानापुढे गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. शेजार जोडायचा तर आपण कोणाच्या हातचं खातो, हे आधी तपासावं लागतं. आजही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आजोबा गेले. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेतात. आमच्याकडे त्याला ‘कडू घास’ म्हणतात. मी संध्याकाळी पिठलं-भात घेऊन गेले, तर त्यांची सून गॅसपाशी उभी होती. पाहुण्यांसाठी तीच कुकर लावत होती. मला म्हणाली, ‘‘काकू, कोणाला सांगावं तेच कळेना.’’ नऊ वर्षं आमची दारं समोरासमोर! मला फार लागलं ते.

तेव्हापासून मी एक करते. द्यायला जायच्या आधी मागायला जाते. विरजणाला दही, कढीपत्त्याची डहाळी, कधी किसणी. मागितलं की समोरच्यालाही आपल्याकडे यायला वाट होते. परवा तीच सून रात्री साडेदहाला आली. मुलाला ताप होता, रिक्षा मिळत नव्हती. माझ्या मुलानं गाडी काढली. दारात ती थांबली नाही, ‘सॉरी’ म्हणाली नाही. सरळ आत येऊन म्हणाली, ‘‘काकू, चला.’’