द्विशिक्षकी शाळेचा आठवडा पालकांना कसा सांगावा?

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग सांभाळतो. शाळेत आठवडाभरात काय घडले, हे पालकांपर्यंत कसे पोहोचवावे, याविषयी आज बोलायचे आहे. अनेक शाळांचा साप्ताहिक वृत्तांत म्हणजे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेली छायाचित्रे असतात: प्रतिमापूजन, रांगेत उभी असलेली मुले, त्यांच्या हातातले फलक. त्यांवरून कार्यक्रम झाला एवढे समजते. आपले मूल काय शिकले, हे समजत नाही, आणि पालकांना तर तेच जाणून घ्यायचे असते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शाळेचा पट ६० पर्यंत असेल, तर दोन शिक्षक मिळतात. चार इयत्ता आणि शिक्षक दोनच, म्हणून पालकांना काळजी वाटते आणि ती रास्तही आहे. परंतु चौथीला शिकवत असताना शेजारच्या बसकरावर बसून आपला स्वाध्याय सोडवणाऱ्या तिसरीच्या मुलांच्या कानांवर तो पाठ पडत असतो, आणि पुढच्या वर्षी तोच पाठ शिकताना त्यांना तो ओळखीचा वाटतो. असे काही दिसले की मी ते वृत्तांतात आवर्जून लिहितो.

डिसेंबरमधल्या एका आठवड्याचे उदाहरण देतो. त्या आठवड्यात शाळेत बालबाजार भरला होता. तिसरीतल्या एका मुलीने घरच्या शेतातून कोथिंबिरीच्या १२ जुड्या आणल्या होत्या. एक जुडी वडिलांनी तिला ५ रुपयांना धरून दिली होती आणि ती १० रुपयांना विकायची, असे तिने ठरवले होते. म्हणून बाजार उघडण्यापूर्वीच तिने वहीत ‘नफा ६० रुपये’ असे लिहून टाकले. दुपारपर्यंत ९ जुड्या खपल्या. उरलेल्या ३ उन्हाने माना टाकू लागल्या, तेव्हा तिने त्या खरेदीच्याच भावात, ५ रुपयांना देऊन टाकल्या. संध्याकाळी गल्ल्यात १०५ रुपये होते. ६० रुपये वडिलांचे वजा केल्यावर ४५ उरले. वहीतले १५ रुपये कुठे गेले, हे शोधत ती बराच वेळ बसली आणि शेवटी म्हणाली, “गुरुजी, तीन जुड्या सुकल्या ना, त्यांचा नफा गेला.” नफा-तोट्याची अनेक उदाहरणे मी फळ्यावर सोडवून घेतली आहेत, पण त्यांतली भाजी कधी सुकत नाही. त्या आठवड्याच्या वृत्तांतात मी बालबाजाराचे छायाचित्र दिले नाही. तिचा हिशेब जसाच्या तसा दिला.

परिपाठ, लेझीमचा सराव आणि परसबागेतल्या मेथीची पहिली तोडणी यांना प्रत्येकी एकच ओळ दिली, तेवढी पुरेशी होती.

राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे. त्या आठवड्यातला शनिवार २० डिसेंबरला, म्हणजे गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला आला होता. बाबा कीर्तनात समोरच्या लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. म्हणून भाषणे न ठेवता, चौथीच्या मुलांनी पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारण्यासाठी प्रश्न तयार केले. ‘हातपंपाभोवतीचा चिखल कोणी काढायचा?’ हा त्यांतला पहिला प्रश्न होता. मिळालेली उत्तरे मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिली आणि त्यांतली तीन मी वृत्तांतात घेतली.

हा वृत्तांत केवळ मोबाइलवर पाठवून भागत नाही, कारण मुलांना शाळेतून न्यायला पुष्कळदा आजी-आजोबा येतात. म्हणून शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी मी तो फाटकाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. त्या शनिवारी एका आजींनी दुसरीतल्या नातवाला विचारले, “काय लिहिलंय रे?” तो बोट ठेवून वाचू लागला, ‘नफ्याचा’ या शब्दातल्या जोडाक्षरापाशी थबकला, पुन्हा मागून सुरुवात केली, आणि कोथिंबिरीचा सगळा हिशेब वाचून होईपर्यंत आजी तिथून हलल्या नाहीत.