दारू सोडली, मग वाचलेला पैसा दिसत का नाही?

नमस्कार मंडळी. नागपुरात दारू सोडलेली माणसं भेटली की एक वाक्य नेहमी कानावर पडतं. "भाऊ, सोडून चार-पाच महिने झाले, पण हातात तर काही दिसून नाही राहिलं." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण याच निराशेतून काहीजण परत दुकानाकडे वळतात. पैसा तर वाचलेला असतो. फक्त त्याला कोणी पकडलेलं नसतं. वेळेचंही तसंच. आज या दोन्हींचा हिशेब करू.

[पडद्यावर: २०५ × ३० = ६,१५०]

२०२५ मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या १८० मिलीच्या बाटलीची, म्हणजे आपल्या क्वार्टरची, किमान किंमत २०५ रुपये ठरली. देशीची ८०. रोज एक क्वार्टर धरली तर महिन्याचे ६,१५० रुपये फक्त बाटलीचे. पण नुसती बाटली कोण घेतो? सोडा, चकणा, दोन सिगारेटी, कधी सावजीचं मटण. दिवसाला ३०० धरा. वर्षाचे झाले १,०९,५००. परमिट रूममध्ये बसणाऱ्याचा आकडा याच्या किती पुढे जातो, ते त्याने स्वतःची बिलं काढून बघावं.

आता जो खर्च कुणीच मोजत नाही, त्याकडे या. खाडा. हजेरीवर काम करणाऱ्या माणसाचा सोमवार बुडतो, तो रविवारच्या रात्रीमुळे. ६०० रुपये हजेरी आणि महिन्याला चार खाडे धरले, तर २,४०० रुपये गेले. ही रक्कम खिशातून जात नाही, ती खिशात येतच नाही, म्हणून तिचं दुःखही होत नाही. मग आहे नशेत दाखवलेला मोठेपणा, म्हणजे चारजणांचं बिल आपण देणं. आणि आहे मित्राला दिलेले उसने पैसे, जे सकाळी आठवत नाहीत.

मग सोडल्यावर हा पैसा जातो कुठे? दारूचा पैसा रोज, रोख आणि छोट्या नोटांमध्ये जायचा. सोडल्यावर तो तसाच छोट्या नोटांमध्ये खिशात राहतो. मग मोबाइलचा रिचार्ज, पोरांचा हट्ट, थोडी जुनी उधारी. यात वाईट काही नाही, उधारी तर फेडायलाच पाहिजे. पण महिनाअखेरीस ६,००० कुठे दिसत नाहीत, आणि माणसाला वाटतं की सोडून मिळालं काय?

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: दुकानात जायची जी वेळ होती, त्याच वेळेला ते पैसे बाजूला काढा. महिन्याच्या शेवटी नाही, त्याच संध्याकाळी. पगारदार असाल तर पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सुरू करा. महिन्याला ६,००० रुपये, पाच वर्षं, ६.७ टक्के व्याजदर धरला, तर हातात सुमारे ४ लाख २८ हजार येतात. सहा हजार जड वाटत असतील तर ती आरडी १०० रुपयांपासूनही उघडता येते. रोजच्या रोज कमावणारे असाल, ऑटो चालवत असाल, भाजीचा ठेला असेल, तर पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची ठेव, सोयीची, कारण एजंट रोज दारात येतो. फक्त ती बँकेची आहे की पतसंस्थेची, हे विचारून घ्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही.

अजून एक. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये, अपघातासाठी २ लाखांचं संरक्षण. जीवन ज्योती योजनेचा हप्ता ४३६ रुपये, त्यातही २ लाख, पण ती पन्नाशीच्या आत घ्यावी लागते. दोन्हींचे मिळून वर्षाला ४५६. सव्वादोन क्वार्टरच्या पैशात घर वर्षभर थोडं निर्धास्त. बँकेत जाऊन आजच विचारा.

इथे थांबून एक गंभीर गोष्ट सांगतो. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील, घोट घेतल्याशिवाय अंगात जोर येत नसेल, तर मनाने एकदम बंद करू नका. अशा माणसाने अचानक सोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. नंतर भ्रम होतो, नाही ते दिसायला लागतं, आणि यात जीवही जातो. आधी डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या एकत्र बैठकांना, फी लागत नाही. मदत घेण्यात काहीच कमीपणा नाही.

आता वेळ. मला विचाराल तर पैशापेक्षा ही कमाई मोठी.

[पडद्यावर: रोज ३ तास = वर्षाला १,०९५ तास]

संध्याकाळचे तीन तास धरले तर वर्षात १,०९५ तास होतात. आठ तासांच्या पाळीने मोजले तर जवळपास १३७ पाळ्या. आणि यात सकाळ धरलेलीच नाही. क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम संपवतं. म्हणजे सहा ते साडेआठ तास. लिंबूपाण्याने, कॉफीने, थंड पाण्याच्या आंघोळीने यकृताचा वेग वाढत नाही. रात्री संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात फिरत असते. जास्त घेतली असेल तर सकाळच्या पाळीला बुटीबोरीकडे गाडी काढतानाही ती अंगात असते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा पकडलं तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

झोपेचंही ऐका. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री ती तुटत राहते. सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप अजून बिघडलेली वाटेल. घाबरू नका, हळूहळू बसते. ती बसली की सकाळ परत तुमची. अंबाझरीला एक चक्कर, येताना तर्री पोहा, अन् लेकराला शाळेत सोडायला बाबा स्वतः. ज्या घरात हे कधी झालंच नव्हतं, त्या घराला विचारा याची किंमत काय.

संध्याकाळ मात्र सुरुवातीला जड जाते. सात वाजले की पाय आपोआप जुन्या रस्त्याला लागतात. म्हणून त्या तासांना काम आधीच ठरवून ठेवा, आणि शक्यतो घराबाहेरचं. पगाराचा दिवस, धुळवड, पोळ्याची कर, हे दिवस तर कॅलेंडरवर खूण करूनच ठेवा. त्या दिवशी कुणाच्या घरी जेवायला जायचं, हे आदल्या आठवड्यात पक्कं करा.

या शहराला दारू सोडणं नवीन नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. लाखो माणसांनी एकत्र उभं राहून ती घेतली. एकट्याने सोडणं कठीण, चारजणांत सोपं, हे नागपूरला ठाऊक आहे.

आणि ताई, वहिनी, तुमच्यासाठी. नवऱ्याने सोडली की गेल्या दहा वर्षांचा हिशेब त्याच महिन्यात मागू नका. तुमचा राग खरा आहे, तो बोलायची वेळही येईल. आत्ता आरडीचं पासबुक दोघांच्या नावावर उघडा आणि दर महिन्याला दोघं मिळून नोंद बघा.

एक काम तुमच्याकडे देतो. तुमच्या वस्तीत संध्याकाळी सात ते दहा उघडं असणारं वाचनालय, आखाडा, भजनी मंडळ, बॅडमिंटनचं मैदान, काहीही असेल, तर कमेंटमध्ये भागाच्या नावासकट लिहा. सक्करदरा, मानेवाडा, इतवारी, जिथलं असेल तिथलं. मी सगळ्यांची यादी करून वर पिन करतो.