क्लॅपहॅम दांपत्याच्या तळघरातल्या ३८ किटल्या

(पडद्यावर: ओंजळीत मावेल अशी चिनी मातीची वाटी)

हिला कान नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहा अशाच वाटीतून प्यायचे. केंब्रिजमध्ये, सेंट जॉन्स कॉलेजच्या मालकीच्या जागेत, एका बुजवलेल्या तळघरातून अशी भांडी निघाली. एकूण वस्तू पाचशेहून जास्त. नुसत्या चहाच्या किटल्याच ३८!

त्या काळी दारात कचरागाडी येत नव्हती. परसात खड्डा खणायचा, नाहीतर निकामी विहीर किंवा जुनं तळघर गाठायचं. फुटकी भांडी, हाडं, राख, सगळं त्यात लोटायचं. इंग्लंडच्या जुन्या गावांत असे खड्डे हमखास सापडतात. पण वर्षानुवर्षं भरत गेलेल्या खड्ड्यात कुणाचं काय, हे निवडणं फार अवघड. इथे मात्र मालक ठाऊक आहेत. विल्यम आणि जेन क्लॅपहॅम. १७४० च्या दशकापासून १७७० च्या दशकापर्यंत या नवरा-बायकोचं इथे कॉफीहाऊस होतं. धंदा आवरताना घरातला पसारा तळघरात गेला असावा.

(पडद्यावर: हाडांचे तुकडे, शेजारी काचेचे छोटे पेले)

आता ही हाडं बघा. कोवळ्या वासरांच्या पायांची आहेत. आपल्याकडे पाया सूपसाठी पाय तासन् तास शिजत ठेवतात, तेव्हा गार झालेला रस्सा थिजतो. तीच युक्ती इथे गोडासाठी वापरत. पाय उकळायचे, वर आलेली चरबी काढून टाकायची, मग त्यात साखर, लिंबू, वाइन. अंड्याच्या पांढऱ्याने पाणी नितळ करून घ्यायचं, गाळायचं आणि थिजू द्यायचं. जेली तयार. ती वाढण्याचे काचेचे पेलेही याच ढिगाऱ्यात बरेच मिळाले. म्हणजे ही जेली क्लॅपहॅमकडची खासियत असणार.

शिवाय मासे आहेत, मांसाची हाडं आहेत, चॉकलेट पिण्याचे कप आहेत. इंग्रजांचं कॉफीहाऊस म्हटलं की कडक कॉफी आणि कडाक्याचे वाद एवढंच डोळ्यांसमोर येतं. इथे तर भरपेट जेवणं होत होती, आणि कॉफीच्या नावाखाली चहाही चिक्कार खपत होता! मला तरी या घरातली सगळ्यात जिवंत जागा स्वयंपाकघरच वाटते.

(पडद्यावर: भांड्यावरची अक्षरं, अगदी जवळून)

काही भांड्यांवर विल्यम आणि जेनच्या नावांची आद्याक्षरं आहेत. अजून वाचता येतात.